ड्रोगमायरसाठीचं पत्र: एका नॉमिनेशनला पाठिंबा देताना काय काय होतं

पहिला ड्राफ्ट मी बॉसच्या टेबलावर ठेवला त्यात पहिल्याच परिच्छेदात 'जागतिक कीर्तीचे', 'दूरदर्शी' आणि 'अत्यंत अनुभवी' असे तीन शब्द होते, तिने पेन काढलं, तिन्ही खोडले आणि समासात लिहिलं की हे कुठल्याही माणसाबद्दल लिहिता येईल. झालं, माझी अर्ध्या दिवसाची मेहनत तिथेच संपली. ऑगस्ट २०१८, वॉशिंग्टन, मी एका वैज्ञानिक संस्थेच्या पॉलिसी डेस्कवर होते (संस्थेचं नाव राहू दे, तिचा इथे काही संबंध नाही), आणि काम होतं व्हाइट हाऊसच्या विज्ञान धोरण ऑफिसच्या प्रमुखपदासाठी केल्विन ड्रोगमायर यांचं जे नॉमिनेशन झालं होतं, त्याला पाठिंब्याचं पत्र तयार करायचं. हे प्रकरण मी आज सविस्तर लिहितेय कारण अशी पत्रं कशी बनतात, त्यात काय लिहायचं, काय नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांनी नक्की काय साध्य होतं, याबद्दल आपल्याकडच्या संशोधक मंडळींत फार गैरसमज दिसतात. बऱ्याच जणांना वाटतं की मोठमोठ्या सह्या गोळा केल्या की काम झालं. तसं नसतं.

आधी पार्श्वभूमी. व्हाइट हाऊसमध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरणाचं एक ऑफिस आहे, ओएसटीपी म्हणतात त्याला, १९७६ मध्ये कायदा करून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते उभं केलं. त्याचा डायरेक्टर राष्ट्राध्यक्ष नेमतात पण सिनेटची मंजुरी लागते. ट्रम्प २० जानेवारी २०१७ ला आले आणि ही खुर्ची रिकामी राहिली, किती दिवस, तर नाव जाहीर व्हायलाच ५५७ दिवस लागले. तुलना करायची तर बुश यांच्या वेळी मारबर्गर यांची मंजुरी ऑक्टोबर २००१ मध्ये आली तेव्हाच लोक उशीर झाला म्हणून ओरडत होते, आणि ओबामांनी होल्ड्रेन यांचं नाव तर शपथविधीच्या आधीच, डिसेंबर २००८ मध्ये जाहीर करून टाकलं होतं. ऑफिस ओस पडत चाललं होतं, ओबामांच्या शेवटच्या काळात १३०च्या आसपास माणसं होती ती निम्म्यावर आली. आणि मधल्या काळात ज्यांची नावं चर्चेत होती, विल्यम हॅपर, डेव्हिड गेलर्नटर, त्यांची हवामानबदलावरच शंका घेणारी मतं ऐकून आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्या पोटात गोळा यायचा.

मग ३१ जुलै २०१८ ला नाव आलं ड्रोगमायर यांचं. ओक्लाहोमा विद्यापीठाचे संशोधन विभागाचे व्हाइस प्रेसिडेंट, हवामानशास्त्रज्ञ, त्यातही वादळवाले. १९८५ मध्ये इलिनॉयमधून पीएचडी करून ते ओक्लाहोमाला गेले आणि तिथेच राहिले. १९८९ मध्ये एनएसएफच्या, म्हणजे संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पैशातून तिथे वादळांचं विश्लेषण आणि अंदाज करणारं केंद्र, कॅप्स, सुरू झालं त्यामागे हे होते. तेव्हा एक-एक गडगडाटी वादळ कंप्युटरवर आधीच दाखवता येईल असं म्हणणं म्हणजे जरा धाडसच होतं. संपूर्ण राज्याचं हवामान उद्या कसं असेल हे सांगणं वेगळं, आणि डॉप्लर रडारचा डेटा मॉडेलमध्ये घालून किलोमीटर-दोन किलोमीटरच्या बारीक जाळीवर एक वादळ काही तासांनी कुठे असेल हे सांगायचा प्रयत्न वेगळा. नॉर्मन हे त्यांचं गाव, त्याच्या उत्तरेला लागूनच मूर आहे, तिथे ३ मे १९९९ ला आणि पुन्हा २० मे २०१३ ला टॉर्नेडोने काय केलं ते जगाने बघितलंय. तर अशा ठिकाणी ज्याची करिअर गेली त्याला विज्ञानाचा उपयोग काय हे शिकवायला लागत नाही.

आता खरा पेच. माणूस चांगला, पण नेमतोय कोण? आमच्या संस्थेत यावर अक्षरशः दोन तट पडले. एक गट म्हणाला की या सरकारने पॅरिस करारातून बाहेर पडायची घोषणा केली, बजेटमध्ये संशोधनाला कात्री लावायचे प्रस्ताव आणले, आणि आता आपण टाळ्या वाजवत पत्र पाठवायचं म्हणजे त्यांच्या सगळ्या कारभारावर शिक्का मारल्यासारखं नाही का होणार. दुसरा गट म्हणाला की अहो, खुर्ची रिकामी राहिली तर कात्री थांबणार आहे का? उलट आत कुणीतरी असा हवा जो बजेटच्या मीटिंगला बसून सांगेल की हे कापू नका. मला स्वतःला दुसरं पटत होतं, पण पहिल्या गटातल्या एका प्राध्यापिकेने एक मुद्दा मांडला तो माझ्या डोक्यातून गेला नाही. ती म्हणाली, तुम्ही पाठिंबा देताय कशामुळे, हा चांगला आहे म्हणून की तो दुसरा आला असता त्या भीतीने? भीतीपोटी लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं. बरोबर होतं तिचं. आमच्या पहिल्या ड्राफ्टमधली ती तीन मोठी विशेषणं खरं तर सुटकेच्या श्वासातून आली होती, माणसाच्या कामातून नाही.

त्यावर तोडगा असा निघाला की पत्रात सरकारबद्दल एक अक्षर नाही. बरं नाही, वाईट नाही. फक्त तीन गोष्टी: हे पद का महत्त्वाचं, हा माणूस त्याला का लायक, आणि समितीने काय करावं. एक चांगली गोष्ट आमच्या हाताशी होती. ड्रोगमायर यांना नॅशनल सायन्स बोर्डावर, म्हणजे एनएसएफचं धोरण ठरवणाऱ्या मंडळावर, २००४ मध्ये बुश यांनी नेमलं, २०११ मध्ये ओबामांनी पुन्हा नेमलं, आणि पुढे ते त्या बोर्डाचे व्हाइस चेअर झाले. म्हणजे दोन वेगळ्या पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी या माणसावर विश्वास टाकलेला. हे एक वाक्य आमच्या सगळ्या विशेषणांपेक्षा भारी पडलं, आणि ते सरळ वर, पहिल्या परिच्छेदात गेलं. त्यात होल्ड्रेन यांनीही ही निवड चांगली आहे असं उघड बोलून दाखवलं होतं, त्यामुळे आमच्यातले काठावर बसलेले बरेचसे इकडे सरकले.

इथे जरा नियमांकडे वळते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आमच्यासारख्या संस्था अमेरिकेच्या करकायद्यात ५०१(सी)(३) मध्ये मोडतात, आणि लोकांच्या डोक्यात एवढंच बसलेलं असतं की अशा संस्थेने राजकारणात पडायचं नाही. अर्धसत्य आहे ते. निवडणुकीला उभ्या असलेल्या उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायला पूर्ण बंदी आहे, पण सिनेटच्या मंजुरीसाठी आलेला नॉमिनी हा निवडणुकीतला उमेदवार नाहीच. मग हे काय आहे? तर हे लॉबिंग आहे, कारण कर विभागाच्या लेखी नेमणुकीला मंजुरी देणं हे पण कायदेमंडळाचं काम, म्हणजे एखादं बिल पास करा म्हणून पत्र लिहिल्यासारखंच. लॉबिंग चालतं, पण मर्यादेत. ज्यांनी खर्चाच्या कसोटीचा पर्याय निवडलाय त्यांना पहिल्या ५ लाख डॉलर खर्चावर २० टक्क्यांपर्यंत मुभा, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कमी टक्के. एका पत्राने ही मर्यादा ओलांडायची वेळ कधीच येत नाही, पण तास नोंदवावे लागतात. म्हणून त्या आठवड्यात माझ्या टाइमशीटवर 'लॉबिंग' या कोडखाली तास पडले, आणि अकाउंट्सच्या माणसाने फोन करून विचारलं की तू तर पॉलिसीवाली ना, हे लॉबिंग कधीपासून करायला लागलीस!

आणि सह्यांचा दुसरा घोळ. माझा एक जुना ओळखीचा, मराठी, सरकारी हवामान संशोधनात आहे, वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणते. त्याला फोन केला, म्हटलं दादा, तू तर या माणसाचं काम पहिल्यापासून बघितलंयस, सही कर ना. तो हसला. म्हणाला, "अगं, मी सरकारी नोकर, ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या मेलवरून, हुद्दा लावून मी सिनेटरला कुणाला मंजूर करा म्हणून लिहिलं तर माझीच चौकशी लागेल." सरकारी पैशातून काँग्रेसवर असा दबाव आणायला कायद्याने बंदी आहे. मग मी विचारलं की घरून, स्वतःच्या नावाने? तर म्हणाला ते चालतं, नागरिक म्हणून माझ्या सिनेटरला मी काहीही लिहू शकतो, पण तुमच्या पत्रावर माझ्या नावापुढे लॅबचं नाव लावू नकोस. त्याने मग रात्री घरी बसून आपल्या सिनेटरला स्वतंत्र मेल केला, चार ओळींचा. नंतर मला कळलं की असे चार ओळींचे मेल, मतदारसंघातल्या माणसाने लिहिलेले, स्टाफच्या टेबलावर आमच्या लेटरहेडपेक्षा जास्त गंभीरपणे घेतले जातात. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं, आम्ही तीन दिवस सह्यांच्या क्रमावर भांडत बसलो होतो, कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली.

पत्र जातं कुणाला हेही बघा. व्हाइट हाऊसला पाठवून उपयोग शून्य, त्यांनी तर निवड केलेलीच आहे. हे नॉमिनेशन सिनेटच्या कॉमर्स, सायन्स आणि ट्रान्सपोर्टेशन समितीकडे होतं, तेव्हा चेअरमन जॉन थून आणि विरोधी बाजूचे मुख्य सदस्य बिल नेल्सन. पत्र दोघांच्या नावाने एकत्र, एका बाजूला झुकतंय असं वाटू नये म्हणून. आणि सुनावणीच्या आधी पोचायला हवं, नंतर आलेलं पत्र म्हणजे लग्न झाल्यावर पाठवलेला आहेर. नाव जाहीर होणं आणि सुनावणी यांच्यामध्ये आणखी बरंच काही चालू असतं, पार्श्वभूमीची तपासणी, मालमत्तेचा खुलासा, हितसंबंध कुठे अडकतील त्याबद्दलचा लेखी करार, समितीची लांबलचक प्रश्नावली. यात पाठिंबा देणाऱ्यांनी लुडबुड करायची नाही. नॉमिनीला थेट फोन करून विचारपूस वगैरे करण्याचा मोह होतो, आमच्यातल्या एकाला झाला होता, बॉसने त्याला थांबवलं.

सुनावणी झाली २३ ऑगस्टला. माझ्या मते आमचं खरं काम पत्रात नव्हतंच, ते त्याच्या आधीच्या आठवड्यात झालं, जेव्हा दोन्ही पक्षांच्या स्टाफला आम्ही प्रश्न सुचवले. पाठिंबा देणाऱ्यांनी प्रश्न का द्यायचे असं कुणालाही वाटेल, पण विचार करा, माणूस खरंच तयारीचा असेल तर त्याला अवघड पण नीट प्रश्न मिळालेला त्याच्या फायद्याचाच, आणि त्याचं उत्तर रेकॉर्डवर येतं, ते पुढे आपल्याला वापरता येतं. वैज्ञानिक कामात राजकीय हस्तक्षेप झाला तर तुम्ही काय कराल, या धाटणीचे प्रश्न निघाले, आणि विज्ञान प्रामाणिकपणे, राजकीय दबावाशिवाय व्हायला हवं असं ते रेकॉर्डवर बोलले. हवामानबदलावर मात्र त्यांनी सावध भाषा ठेवली, आमच्या पहिल्या गटाला ती अजिबात आवडली नाही. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्याच राज्याचे सिनेटर जिम इन्हॉफ म्हणजे हवामानबदल खोटा आहे हे दाखवायला २०१५ मध्ये सिनेटच्या सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आलेले गृहस्थ, आणि तेही या नॉमिनेशनच्या बाजूने. एकाच माणसामागे होल्ड्रेनही आणि इन्हॉफही उभे, असा योग काही रोज येत नाही.

समितीने सप्टेंबरच्या सुरुवातीला होकार दिला. आम्ही ऑफिसात केक कापला. मूर्खपणा होता तो, कारण त्यानंतर चार महिने काहीच झालं नाही.

हे चार महिने समजून घेण्यासारखे आहेत. समितीचा होकार म्हणजे नाव फक्त सिनेटच्या एक्झिक्युटिव्ह कॅलेंडरवर चढतं, मत नाही पडत. २०१३ पासून अशा नेमणुकांवरची चर्चा बंद करायला साधं बहुमत पुरतं, हे खरं, पण चर्चा बंद केल्यावरही तेव्हा ३० तासांपर्यंत वेळ जाऊ शकायचा (एप्रिल २०१९ मध्ये बऱ्याच पदांसाठी तो २ तासांवर आणला). सिनेटच्या नेत्यांना ते ३० तास न्यायाधीशांसाठी हवे असायचे, ओएसटीपीच्या डायरेक्टरसाठी कोण खर्च करणार? म्हणजे तेव्हा व्यवहारात एकच रस्ता उरायचा, सगळ्यांच्या संमतीने, आवाजी मतदानाने, दहा-वीस नावांच्या गठ्ठ्यात पास करून घेणं. आणि त्यात एकाही सिनेटरने हात वर केला तर गठ्ठा अडायचा, मग त्याचं भांडण या माणसाशी असो नाहीतर तिसऱ्याच एखाद्या खात्याशी. या टप्प्यावर लायकीचं आणखी एक पत्र पाठवून काहीही होत नाही, लायकीवर कुणाचा वादच नसतो. आम्ही तरी ऑक्टोबरमध्ये एक पाठवलंच, ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. उपयोग झाला असेल तर तो फोनचा, ज्या सदस्यांची ओळख त्यांच्या सिनेटरच्या ऑफिसात होती त्यांनी फोन करून एवढंच म्हणायचं, की गठ्ठा बनतोय तेव्हा हे नाव विसरू नका.

आणि मागे घड्याळ चालू. ११५वी काँग्रेस, म्हणजे संसदेची ती दोन वर्षांची मुदत, ३ जानेवारी २०१९ ला दुपारी संपणार होती, आणि नियम असा की ज्या नॉमिनेशनवर मत झालं नाही ती सगळी राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात, मग पुन्हा नव्याने पाठवा, समितीत पुन्हा मत घ्या. हा नुसता कागदी धोका नव्हता. नोआच्या, म्हणजे हवामान आणि समुद्र बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रमुखपदासाठी ॲक्युवेदरचे बॅरी मायर्स यांचं नाव ऑक्टोबर २०१७ मध्ये आलं होतं, ते त्याच वेळी परत गेलं, पुन्हा पाठवलं गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच माघार घेतली. मायर्स यांच्या बाबतीत मात्र वाद नियमांचा नव्हता, घरच्यांची खासगी हवामान कंपनी आणि सरकारी हवामान खातं यातल्या हितसंबंधांचा होता. दोन्ही नावं एकाच सरकारची, दोन्ही हवामानाशी संबंधित, आणि वैज्ञानिक लोकांनी दोघांना दिलेला प्रतिसाद इतका वेगळा, यातूनच कळतं की आमचं पत्र सरकारवरचा शिक्का नव्हतं. पहिल्या गटातल्या त्या प्राध्यापिकेला मी हे नंतर दाखवलं, ती म्हणाली ठीक आहे, एवढं मान्य.

२ जानेवारी २०१९. खर्चाचं बिल पास न झाल्याने सरकारी ऑफिसं बंद होती, २२ डिसेंबरला सुरू झालेला शटडाऊन, पुढे तो ३५ दिवस चालला. मी घरी होते, संध्याकाळी सिनेटचं प्रक्षेपण लावून बसले होते, आवाज बारीक करून. शेवटच्या क्षणी गठ्ठा निघाला आणि त्यात ड्रोगमायर यांचं नाव आवाजी मतदानाने पास झालं. एकही विरोधी मत मोजलं गेलं नाही, मोजायची वेळच आली नाही. ७१२ दिवसांची रिकामी खुर्ची एका मिनिटात भरली.

पुढचं थोडक्यात. मे २०१९ मध्ये त्यांनी संशोधनाच्या वातावरणावर एक संयुक्त समिती सुरू केली, त्यात प्राध्यापकांच्या डोक्यावरचं कागदी काम कमी करणं हाही विषय होता. मार्च २०२० मध्ये कोविडच्या संशोधनासाठी सुपरकंप्युटर एकत्र आणायचा उपक्रम त्यांच्या ऑफिसातून पुढे आला. एनएसएफच्या फ्रान्स कॉर्डोव्हा यांची मुदत संपल्यावर एप्रिल २०२० पासून त्यांनी ते कामही हंगामी सांभाळलं, जूनमध्ये सेतुरामन पंचनाथन यांना सिनेटची मंजुरी मिळेपर्यंत. हे सगळं आमच्या पत्रात लिहिलेल्या अपेक्षांशी बऱ्यापैकी जुळतं.

जुळत नाही ते सप्टेंबर २०१९. डोरियन चक्रीवादळाच्या नकाशावर कुणीतरी काळ्या मार्करने अलाबामापर्यंत रेघ ओढलेली, तो नकाशा राष्ट्राध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर धरला, आणि दोन दिवसांनी नोआचं बिनसहीचं निवेदन आलं ज्यात अलाबामाला धोका नाही असं सांगणाऱ्या बर्मिंगहॅमच्या (अलाबामातलंच शहर) स्वतःच्याच फोरकास्टरना दोष दिला. दादाचा मला फोन, "काय गं, तुमचा वादळवाला आहे ना आत? आता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पत्रात त्यांच्या लायकीची हमी दिली होती, वरचा माणूस चुकीचं बोलला तर खालचा काय करेल याची हमी कुठलंही पत्र देत नाही, आणि आम्ही ती दिल्याचा आव आणला नव्हता हीच काय ती आमची पुण्याई. २०२१ मध्ये याच पदावर आलेल्या एरिक लँडर यांच्या वेळी हे पुन्हा आठवलं. वैज्ञानिक म्हणून त्यांच्या मोठेपणाबद्दल शंका नव्हती, मे २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हाताखालच्या लोकांशी केलेल्या वागणुकीमुळे राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर असलं पत्र लिहायची वेळ आली की मी एक फोन जास्त करते, त्या माणसाच्या हाताखाली काम केलेल्या, आणि आता त्याच्याकडून काही नको असलेल्या कुणाला तरी.

त्या २ जानेवारीच्या रात्री दादाला मी मेसेज टाकला, "झालं, पास." त्याचं उत्तर यायला वेळ लागला. तो घरी बसलेला, पगार बंद, त्याच्या ओळखीचे फोरकास्टर बिनपगारी ड्युटीवर. शेवटी आलं: "अभिनंदन. आता त्यांना सांग आधी माझं ऑफिस उघडा."